किहीमची सुगरण आणि बिनपदवीचा विद्यार्थी

ब्रह्मदेशातील जंगल, बर्लिनचे संग्रहालय आणि रायगडचा किनारा या तीन शाळांत डॉ. सलीम अली घडले. त्यांतील शेवटची शाळा वडखळपासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे.

मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याचा सुळका मागे पडतो, पेण येते आणि जाते, आणि वडखळ नाक्यावर रस्त्याला फाटा फुटतो. सरळ जाणारा रस्ता नागोठण्याहून कोकणात उतरतो, तर उजवीकडचा धरमतरची खाडी ओलांडून पोयनाडमार्गे अलिबागकडे निघतो. शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या गाड्यांची रीघ याच फाट्यावर वळते. खाडीकाठचा पोलाद कारखाना आणि त्याच्या धक्क्यावरची मालवाहू जहाजे मागे टाकली की भातखाचरे सुरू होतात. पावसाळ्यात या खाचरांच्या कडेला, विहिरीवर झुकलेल्या शिंदीच्या किंवा बाभळीच्या फांद्यांना सुगरणीची घरटी लोंबताना दिसतात. गाडीतील बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही.

याच रस्त्याच्या टोकाला, कार्लेखिंडीतून उजवीकडे वळून समुद्राकडे गेले की किहीम लागते. १९३० साली या गावात चौतिशीला आलेला एक बेरोजगार गृहस्थ पत्नीसह राहावयास आला. जवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, असलेली नोकरी गेली होती आणि दुसरी मिळण्याची चिन्हे नव्हती. मात्र त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याने घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीत जे पाहिले व टिपून ठेवले, त्यामुळे भारतातील पक्षी-अभ्यासाची दिशा बदलली. तो गृहस्थ म्हणजे डॉ. सलीम अली. पुढे देशोदेशीच्या संस्थांनी त्यांचा गौरव केला, विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिल्या. पण त्या वैभवाची पायाभरणी रायगडच्या किनाऱ्यावर, अतिशय अडचणीच्या काळात झाली होती.

पोरका मुलगा आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईतील सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम या अपत्यहीन दांपत्याने या पोरक्या मुलाला खेतवाडीतील आपल्या घरी वाढवले. तय्यबजी घराणे मुंबईच्या सार्वजनिक जीवनात मान्यता पावलेले होते. स्वातंत्र्यलढ्यातील अब्बास तय्यबजी हे सलीम यांचे दुसरे मामा.

मामांना शिकारीचा शौक होता. त्यामुळे घरातल्या मुलांच्या हाती छऱ्याची बंदूक सहज येई. एके दिवशी सलीमच्या छऱ्याने पडलेली चिमणी नेहमीसारखी दिसेना. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती खाण्यास चालेल का, हे विचारावयास मुलगा मामांकडे गेला. मामांना पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, एवढेच नव्हे तर कपाटांचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्या मुलापुढे मांडले आणि वाचण्यासाठी पुस्तके दिली. एखाद्या अनोळखी पोराला कोणी एवढा वेळ द्यावा, ही गोष्ट त्या काळातही नित्याची नव्हती.

शाळेत मात्र या मुलाची प्रगती यथातथाच होती. तेराव्या वर्षाच्या सुमारास सुरू झालेल्या तीव्र डोकेदुखीमुळे अभ्यासात वारंवार खंड पडे. हवापालटासाठी त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. १९१३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा कशीबशी पार पडली. सेंट झेवियर्स महाविद्यालयात नाव घातले, पण पहिले वर्षच जड गेले आणि त्यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडले.

तव्हॉयचे रान

महाविद्यालय सोडलेल्या या तरुणाला कुटुंबाने ब्रह्मदेशात धाडले. दक्षिणेकडील तेनासरिम प्रांतातील तव्हॉय येथे, म्हणजे आजच्या म्यानमारमधील दावेई येथे, कुटुंबाचा वुल्फ्रामच्या खाणींचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. वुल्फ्राम या खनिजापासून मिळणारे टंगस्टन पोलादाला कठीणपणा देते. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांकडून या खनिजाला मोठी मागणी आली.

तव्हॉयचा मुलूख अस्सल उष्ण कटिबंधातला. मुंबईच्या दुपटीहून अधिक पाऊस, डोंगर झाकून टाकणारे सदाहरित अरण्य, आणि त्यात मुंबईच्या आसपास कधी न दिसलेले असंख्य पक्षी. खाणीच्या कामासाठी रानातून हिंडावे लागे आणि हिंडताना नजर झाडांच्या शेंड्यांकडे जाई. धंद्याच्या हिशेबापेक्षा पक्ष्यांकडे अधिक ध्यान असलेल्या या तरुण व्यवस्थापकाची हॉपवुड आणि रिबेनट्रॉप या तेथील वनसेवेतील अधिकाऱ्यांशी ओळख झाली. रान वाचायचे कसे, याचे पहिले धडे त्यांना येथे मिळाले.

आज पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी परदेशी शिष्यवृत्ती घेऊन विषुववृत्ताजवळच्या जंगलांत संशोधनकेंद्रांवर राहतात. पहाटे जाळी लावणे, दिवसभर मोजदाद करणे आणि रात्री नोंदी लिहिणे असा त्यांचा दिनक्रम असतो. तव्हॉयमधील सलीम अलींच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. मार्गदर्शक नव्हता, प्रयोगशाळा नव्हती, पुरेसे संदर्भग्रंथही नव्हते. त्यामुळे दिसलेले पुष्कळसे पक्षी त्यांना ओळखता येत नसत. परदेशातील त्या उष्ण जंगलाने त्यांना कुतूहल भरभरून दिले आणि त्याच वेळी शास्त्रीय शिक्षणावाचून हे कुतूहल अपुरे आहे, याचीही जाणीव करून दिली.

१९१७ मध्ये ते मुंबईला परतले. पोटापाण्यासाठी दावर यांच्या वाणिज्य महाविद्यालयात व्यापारी कायदा आणि हिशेबतपासणी शिकू लागले. सेंट झेवियर्सचे फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी त्यांची खरी आवड ओळखली आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. सकाळी दावरमध्ये जमाखर्च आणि नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, अशी दुहेरी विद्यार्थिदशा सुरू झाली. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा तहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. ब्रह्मदेशातील धंदा मात्र तगला नाही. युद्ध संपल्यावर वुल्फ्रामची मागणी ओसरली आणि पुढे कुटुंबाला तेथील कारभार आवरता घ्यावा लागला.

संग्रहालयातील नोकरी आणि बर्लिन

धंदा गेला तेव्हा सलीम अली तिशीकडे झुकले होते. पक्ष्यांच्या अभ्यासावर उपजीविका करावी ही इच्छा, आणि पदवी नसल्याने बंद असलेली सरकारी दारे, असा तो पेच होता. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा मिळवण्याचा प्रयत्न पदवीअभावी फसला.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, नव्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. दरमहा ३५० रुपये वेतन होते. शाळकरी मुलांना आणि प्रेक्षकांना काचेआडचे पक्षी-प्राणी समजावून सांगण्याचे काम त्यांनी सुमारे दोन वर्षे केले. पण त्याच त्या माहितीची उजळणी करताना आपले स्वतःचे शिक्षण अपुरे असल्याची बोच वाढत गेली. अखेर रजा घेऊन ते जर्मनीला गेले.

बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात प्रा. एर्विन श्ट्रेसेमान पक्षी विभागाचे प्रमुख होते. तोवर पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः कातडी जमवणे, मापे घेणे आणि नावे देणे. श्ट्रेसेमान यांनी या शास्त्राला शरीरक्रिया, वर्तन आणि परिसर यांच्या अभ्यासाची जोड दिली. पुढे उत्क्रांतिशास्त्रात जगभर नाव झालेले अर्न्स्ट मायर हे त्यांचेच विद्यार्थी. भारतातून आलेल्या, पदवी नसलेल्या या उमेदवारालाही श्ट्रेसेमान यांनी आपलेसे केले. सलीम अलींच्या हाती अभ्यासासाठी पडलेल्या नमुन्यांत ब्रह्मदेशातून गोळा केलेले पक्षी होते. तव्हॉयच्या रानात ज्यांची नावे माहीत नव्हती, त्या प्रदेशातील पक्ष्यांचे वर्गीकरण ते हजारो मैल दूर, थंड बर्लिनमध्ये शिकले. उत्तर समुद्रातील हेलिगोलांड बेटावरील केंद्रात पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा माग काढण्याचे तंत्रही त्यांनी आत्मसात केले.

तेथील वास्तव्यात बेर्नहार्ट रेन्श आणि ओस्कार हाइनरोथ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांशी परिचय झाला. हाइनरोथ यांचे पक्ष्यांच्या वर्तनावरील काम त्या काळी नवे मानले जात होते. मेलेल्या पक्ष्याचे माप जितक्या काटेकोरपणे घ्यावयाचे, तितक्याच काटेकोरपणे जिवंत पक्ष्याचे वागणेही नोंदवता येते, ही दृष्टी घेऊन सलीम अली १९३० मध्ये भारतात परतले. परतल्यावर कळले ते एवढेच, की निधीअभावी संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झाली आहे.

किहीमचा पावसाळा

नोकरीवाचून मुंबईत बिऱ्हाड चालवणे परवडणारे नव्हते. किहीमच्या किनाऱ्यावर आप्तांचे घर होते. बंदराच्या पलीकडच्या त्या गावी पती-पत्नी राहावयास गेले. आजच्यासारखी वाहनांची वर्दळ तेव्हा नव्हती. मुंबईहून यायचे तर बोटीने रेवस गाठायचे आणि पुढे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे भातशेती आणि पुढे समुद्र, असा तो सारा परिसर.

पावसाच्या तोंडावर घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत गजबजू लागली. हा पक्षी कोणी नव्याने शोधलेला नव्हता. सुगरण कोकणातल्या पोरासोरांच्या ओळखीची. तिच्या घरट्यांविषयी समजुतीही पुष्कळ होत्या. घरट्यात चिकटवलेल्या चिखलाच्या गोळ्यात ती रात्री उजेडासाठी काजवे खोचते, अर्धवट घरटे म्हणजे नराचा झोका, असे गावोगाव सांगितले जाई. खान्देशात त्याच काळात बहिणाबाई चौधरी आपल्या ओव्यांतून या पक्ष्याच्या खोप्याचे कौतुक करीत होत्या. भाषेनेही या कसबाचे श्रेय मादीला देऊन टाकले होते, म्हणून तर नाव सुगरण.

सलीम अलींनी ठरवले ते एवढेच, की समजुती बाजूला ठेवायच्या आणि एका वसाहतीत दिवसामागून दिवस नेमके काय घडते ते पाहायचे. आडोशाला बसून, पक्ष्यांना आपली चाहूल लागू न देता, ते तासन् तास घरट्यांवर नजर ठेवत. कोणते घरटे कधी सुरू झाले, कोणी विणले, मादी कधी आली, अंडी कधी दिसली, पिले कधी उडाली, याची घरट्यागणिक नोंद होऊ लागली. बंदूक चालवायची नव्हती, कातडे काढायचे नव्हते. लागत होता तो फक्त वेळ, आणि बेकारीमुळे तो त्यांच्यापाशी मुबलक होता.

या नोंदींतून उलगडलेली कहाणी थक्क करणारी होती. घरटे विणतो तो नर. विणीच्या हंगामात त्याचे डोके आणि छाती पिवळीधमक होते. गवताच्या आणि भाताच्या पात्यांच्या कडा चोचीने चिरून तो लांब पट्ट्या काढतो, फांदीला गाठी मारतो आणि वीण सुरू करतो. आज ज्ञात असलेल्या माहितीनुसार एका घरट्यासाठी त्याला सुमारे ५०० खेपा घालाव्या लागतात आणि पूर्ण घरट्याला साधारण १८ दिवस लागतात. शिरस्त्राणाच्या आकाराचे निम्मे घरटे तयार झाले, की तो थांबतो.

मग माद्यांचा थवा वसाहतीत येतो. नर आपापल्या घरट्याला लटकून पंख फडफडवत कलकलाट करतात. माद्या एकेक घरटे आत शिरून तपासतात. पसंत पडले तर मादी तेथे बस्तान मांडते आणि त्यानंतरच नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी लांब नळी पूर्ण करतो. नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात. लोक ज्यांना झोके समजत, त्या अर्धवट घरट्यांचा अर्थ हा होता.

खरा शोध याच्या पुढचा होता. मादीने अंडी घातली की ती उबवण्याचे काम तिच्यावर सोडून नर जवळच दुसरे घरटे विणावयास घेतो. तेही एखाद्या मादीने स्वीकारले तर तिच्याशी जोडी जमवतो आणि मग तिसऱ्याच्या मागे लागतो. एकाच हंगामात, एकामागून एक अशा अनेक माद्यांशी जोडी जमवण्याची ही पद्धत सलीम अलींनी प्रथमच तपशिलाने उलगडून दाखवली. जोडीदार किती, हे नराच्या विणकामावर आणि मादीच्या पसंतीवर ठरते, असे त्यातून दिसत होते. सुगरणीच्या नावातला गोडवा कायम राहिला, पण विणकराचे श्रेय नराकडे गेले आणि पारख करण्याचे मादीकडे.

१९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातील एका सर्वपरिचित पक्ष्याचे जीवन, त्याच्या परिसरात, एका भारतीयाने एवढ्या बारकाईने मांडण्याचे ते आरंभीचे उदाहरण होते. नोकरी असती तर कदाचित तो पावसाळा संग्रहालयाच्या दालनात गेला असता.

पायी फिरलेला देश

किहीमनंतरही स्थिर उत्पन्न नव्हतेच. सलीम अलींनी संस्थानिकांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवला. राहण्या-फिरण्याचा खर्च द्यावा, आपण संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण विनावेतन करू. हैदराबादने प्रथम ते मान्य केले. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी संस्थाने त्यांनी पालथी घातली. तंबूतील या भटक्या संसारात तहमिना सोबत असत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. मूलबाळ नव्हते. त्यानंतर सलीम अली बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे राहिले आणि कामात अधिकाधिक बुडून गेले.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक आले आणि हौशी पक्षिनिरीक्षकांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. अमेरिकी शास्त्रज्ञ सिडनी डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ १९६४ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. स्वातंत्र्यानंतर डबघाईला आलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला सरकारी मदत मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. भरतपूरच्या पाणथळीचे रक्षण आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचा बचाव यांत त्यांचा शब्द वजनदार ठरला.

मान-सन्मान उशिराने, पण भरभरून आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. ज्याला पदवीअभावी नोकरी नाकारली गेली, त्याला अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिल्या. मुंबई विद्यापीठात ते संशोधक विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले. त्यांचे शिष्य व्ही. सी. आंबेडकर यांनी सुगरणींवरच संशोधन करून किहीमचा धागा पुढे नेला. जे. पॉल गेटी पारितोषिकाची रक्कम सलीम अलींनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी दिली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

फाट्यावरचा प्रश्न

सलीम अलींच्या नावाने आज कोइम्बतूरला संशोधन केंद्र आहे, गोव्यातील चोडण बेटावर अभयारण्य आहे. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिनी संपतो. शाळांतून व्याख्याने होतात, छायाचित्रांची प्रदर्शने भरतात.

मात्र सुगरणीला व्याख्यानांचा उपयोग नाही. तिला पाण्यावर झुकलेले झाड हवे, पट्ट्या काढण्यासाठी लांब पात्याचे गवत किंवा भात हवा आणि पिलांना भरवण्यासाठी किडे हवेत. वडखळ ते किहीम या पट्ट्यात नेमक्या याच गोष्टींवर ताण आहे. खाजणांवर भराव पडतात, रस्त्यांच्या रुंदीकरणात झाडे जातात, भातखाचरांच्या जागी बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहतात आणि जुन्या विहिरी बुजवल्या जातात. रोजगार आणि घरे यांची गरज कोणी नाकारणार नाही. पण एखाद्या खाचरातून पक्ष्यांची वसाहत कधी नाहीशी झाली, याची नोंदही कोणाकडे नसेल, तर काय गमावले हेदेखील कळणार नाही.

अशी नोंद ठेवण्यासाठी काय लागते, हे किहीमच्या पावसाळ्याने दाखवून दिले आहे. त्यासाठी बर्लिनची शिस्त उपयोगी पडली, तव्हॉयच्या रानातले कुतूहलही उपयोगी पडले. तरी मुख्य साधन होते ते एक वही, एक झाड आणि न कंटाळता पाहत राहणारी नजर. परदेशातील उष्ण कटिबंधीय जंगलांत शिकावयास जाणारे तरुण आज महाराष्ट्रातही कमी नाहीत. आणि उष्ण कटिबंधाचा एक तुकडा वडखळच्या फाट्यापासूनच सुरू होतो. जूनमध्ये तिथे पाऊस उतरला, भात लावून झाला, की पिवळ्या डोक्याचे विणकर पुन्हा पात्या चिरू लागतात. त्यांच्यासाठी तेवढे झाड आणि तेवढी विहीर मात्र शिल्लक असावी लागते.